लोखंडाचा काळा रंग आणि मनूची नजर

हा लेख विळीवर आहे. विळीवर, कोयत्यावर, रापीवर आणि त्यांच्या पात्यावर चढणाऱ्या दोन रंगांवर. हसू नका. ज्या घरातून आपण आलो त्या घरात पोथी नव्हती, पण पातं होतं. आपला इतिहास शोधायचा तर पात्यावरही शोधावा लागेल.

चंदगड तालुक्यात मृग लागला की लोखंडाची परीक्षा सुरू होते. पारगड-तिलारीच्या डोंगरपट्ट्यात तर चार महिने हवाच ओली असते. रात्री भाजी चिरून विळी तशीच ओली ठेवली की सकाळी पात्यावर तांबडे ठिपके. वळचणीला खोचलेला कोयता आठवड्यानं काढला तर तळहाताला तांबडी पूड लागते. सुकी मासळी कापून पातं न धुता ठेवलं तर विचारूच नका, मिठामुळे गंज दुप्पट वेगानं धावतो. पण याच घरात, याच पावसात एखादं जुनं पातं असतं. रोजच्या वापरातलं, काळंभोर, उजेडात धरलं तर निळसर-जांभळी झाक मारणारं. त्याला गंज सहसा धरत नाही. घरात नवं माणूस आलं की त्याला ते काळं पातं घाण वाटतं. विटेची पूड घेऊन तो ते चकचकीत करतो आणि दोनच दिवसांत ते तांबडं होतं.

असं का होतं? आपल्या गावाकडचा कोयता बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून काढलेला असतो. ते साधं कार्बनचं पोलाद. लोखंडात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन, त्यामुळे धार धरतं, पण गंजापासून वाचवणारं त्यात वेगळं काही नसतं. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की तांबडा गंज तयार होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो, तडकतो, पापुद्रे सुटतात. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खालच्या ताज्या लोखंडाला पुन्हा खायला लागतो. काळ्या थराचं उलट आहे. भट्टीतून निघतानाच पोलादावर एक काळी कातडी आलेली असते. तोही लोखंडाचाच ऑक्साइड, पण घट्ट बसणारा. पुढे वापरात कच्ची केळी, फणस, वांगी, काजूची बोंडं, आवळे, कैऱ्या चिरल्या जातात. त्यांच्यातलं आम्ल आणि तुरटपणा म्हणजे टॅनिन लोखंडाशी मिळून पात्यावर गडद, पातळ पडदा धरतात. इंग्रजीत याला पॅटिना म्हणतात. आपल्याकडे 'विळी काळी पडली' एवढंच म्हणतात. हा पडदा गंज पूर्ण थांबवत नाही, पण त्याला मंद करतो. पातं वापरून लगेच धुतलं, कोरडं पुसलं, पावसाळ्यात वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला, तर ते काळेपण वर्षानुवर्षं टिकतं.

म्हणजे एकाच लोखंडावर दोन रंग येतात. एक खाणारा, एक राखणारा. ज्या नजरेला दोन्ही सारखेच 'मळलेले' दिसतात, ती नजर आली कुठून?

आधी या टॅनिनचंच बघू. सह्याद्रीत हिरडा मुबलक. हिरडा आणि बाभळीची साल हे कातडं कमावण्याचं जुनं साहित्य, कोल्हापुरी चप्पल त्यावरच उभी राहिली. असं कमावलेलं कातडं कापणाऱ्या चर्मकार बांधवाच्या रापीवर काळा थर येतो, बोटांच्या पेरांत तो उतरतो. आता शाईकडे या. काजळाची शाई वेगळी. पण हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हिरडा, यांच्यापासूनही शाई करत. युरोपात तर लोह आणि टॅनिनच्या शाईनं कित्येक शतकं दस्तऐवज लिहिले गेले. रापीवरचा काळा थर आणि त्या शाईचा डाग ही रसायनाच्या भाषेत सख्खी भावंडं आहेत: दोन्ही लोह आणि टॅनिनची संयुगं. पण एका बोटावरच्या डागाला विद्या म्हटलं गेलं आणि दुसऱ्या बोटावरच्या डागाला विटाळ.

हा निवाडा कुणी दिला ते लिहून ठेवलेलं आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला 52 वा श्लोक चांडाळ आणि श्वपाकांना काय घालायचं, कशात खायचं ते ठरवून देतो. प्रेतावरची वस्त्रं, फुटकी भांडी आणि अंगावर दागिना घालायचाच तर काळ्या लोखंडाचा. सोनं-चांदी नाही, तांबं-पितळही नाही. दागिना म्हणजे खरं तर हौस. इथे हौसेचीच बेडी केली. लांबून लोखंड दिसलं की माणूस कोण ते कळावं, अशी ही सोय होती.

कुणी म्हणेल, आपल्याकडे तर खंडेनवमीला हत्यारं पुजतात, मग लोखंडाचा अपमान कुठे झाला? हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्या दिवशी विळी, कोयता, खुरपं, नांगराचा फाळ सगळं घासून, हळदकुंकू लावून मांडतात हे खरं. पण त्याच मनुस्मृतीचा चौथा अध्याय उघडा. कुणाच्या घरचं अन्न खाऊ नये याची यादी तिथे आहे. 215 व्या श्लोकात कर्मार आहे, म्हणजे लोहार. गंमत अशी की त्याच श्लोकात सोनारही आहे! सोनं सर्वांत शुद्ध, देवाच्या अंगावर चालणारं; पण ते घडवणाऱ्याचं अन्न वर्ज्य. म्हणजे प्रश्न धातूचा नव्हताच. प्रश्न हातांचा होता. वस्तू पुजायची आणि वस्तू करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, यात त्यांना विसंगती दिसली नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं ती विसंगती नव्हतीच. तीच व्यवस्था होती.

याहून बोलका आहे पाचव्या अध्यायातला 114 वा श्लोक. तांबं, लोखंड, कासं, पितळ, कथील, शिसं कशानं शुद्ध होतात ते तिथे सांगितलं आहे: क्षारानं, आंबटानं आणि पाण्यानं. म्हणजे राख, चिंच, पाणी. आपल्या आयाबाया आजही तेच वापरतात. धातूला शुद्धीचा मार्ग आहे. पण दहाव्या अध्यायात चांडाळाला 'अपपात्र' ठरवलं आहे. त्याच्या वापरातलं भांडं दुसऱ्याच्या वापरातून बाद. लोखंड राखेनं शुद्ध होतं, माणूस कशानंच होत नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि पुढे महाडच्या सनातन्यांनी शेणगोमूत्र, दूध-दह्याच्या घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. पाण्यालाही मार्ग होता. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती का जाळली, हे ज्याला अजून कळत नाही त्याला हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचायला द्यावेत.

आता दुसरी परंपरा पाहा. पालीत लोहाराला कम्मार म्हणतात. मनूचा कर्मार आणि पालीतला कम्मार हा एकच शब्द. महापरिनिब्बान सुत्तात तथागत पावा इथे पोचतात आणि चुंद कम्मारपुत्ताच्या आंब्याच्या बागेत उतरतात. चुंद भिक्खुसंघाला भोजनाचं निमंत्रण देतो, तथागत ते स्वीकारतात. त्या भोजनानंतर त्यांचं दुखणं बळावतं. तिथे त्यांनी आनंदाला काय बजावलं ते आपल्या प्रत्येक मुलानं वाचावं. माझ्या अन्नानं घात झाला असा पश्चात्ताप चुंदाला होऊ देऊ नकोस, संबोधीपूर्वी मिळालेलं भोजन आणि हे भोजन यांचं मोल सारखंच आहे, हा त्याचा आशय. शब्द एकच. एका ग्रंथात त्याच्या घरचं अन्न निषिद्ध, दुसऱ्यात तेच अखेरचं अन्न. दोन संस्कृतींतला फरक समजावून सांगायला मला याहून लहान उदाहरण माहीत नाही.

धम्मपदाच्या मलवग्गातही गंज आहे. लोखंडातून निघालेला मळ लोखंडालाच खातो, तसं माणसाचं स्वतःचं कर्म त्याला खातं, असा तो दाखला. आणि पुढे सर्वांत मोठा मळ कोणता, तर अविद्या. स्पर्श नाही, जन्म नाही, धंदा नाही. भट्टीजवळ उभं राहून लोखंड पाहिलेल्या माणसालाच असा दाखला सुचतो. गंज कुठून येतो हे त्याला माहीत असतं.

आपल्या मातीत हे ज्ञान किती जुनं आहे? विदर्भातल्या दगडी वर्तुळांच्या दफनांत लोखंडाची हत्यारं सापडली. नागपूरजवळचं माहूरझरी त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली, इसवी सनापूर्वी 700 च्या आसपासची. मनुस्मृतीच्या कितीतरी आधी इथले लोक दगडातून लोखंड काढत होते. पण संग्रहालयात काय दिसतं? कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयाची शान आहे. कांस्यावर येणारा थर त्याला राखतो, म्हणून ते दोन हजार वर्षं टिकतं. लोखंड मातीत कुजतं. त्या मूर्तीच्या काळातल्या खुरप्या-कोयत्यांचं जे काही उरलं ते गंजाचे गोळे असतात, आणि गंजाच्या गोळ्यापुढे कुणी सेल्फी काढत नाही. कष्टकऱ्यांचा इतिहास कमी लिहिला गेला याचं एक कारण जात आहे. दुसरं कारण असंही आहे की त्यांची साधनं टिकणारी नव्हती.

आपल्या भागाचं बोलायचं तर कोल्हापूर संस्थानात विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात लोहखनिज असल्याची आणि पूर्वी लोखंड गाळण्याचा धंदा बऱ्यापैकी चालत असल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे. तो बुडाला कशानं तेही तिथेच आहे: मजुरी वाढली, जळण महागलं आणि विलायतेहून येणाऱ्या लोखंडाचं जहाजभाडं स्वस्त झालं. जळण महाग झालं म्हणजे काय, हे 1878 च्या जंगल कायद्याकडे पाहिलं की समजतं. भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला जंगल लागतं आणि जंगल सरकारचं झालं. महाबळेश्वर भागात लोखंड गाळणारे धावड होते, त्यांचाही धंदा असाच गेला. लोखंड करणारे संपले, विलायती लोखंडाला आकार देणारे तेवढे उरले.

चंदगडची गोष्ट त्यातही वेगळी. आज आपण कोल्हापूर जिल्ह्यात आहोत, पण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड तेवढं इकडे राहिलं. म्हणजे राजर्षी शाहूंनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात बलुतेदारीला आणि महार वतनाला हात घातला, तेव्हा ते हुकूम चंदगडला लागू नव्हते. डोंगराच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. मार्च 1920 ची माणगाव परिषद कागल जहागिरीतल्या माणगावची. आपल्या तालुक्यातही एक माणगाव आहे, त्यावरून तरुण मुलांचा घोळ होतो म्हणून सांगितलं. इंग्रजी मुलखातल्या वतनांसाठी बाबासाहेबांना 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणावं लागलं, आणि कनिष्ठ गावकी वतनं कायद्यानं जाईपर्यंत 1958 साल उजाडलं. तोवर लोहारानं वर्षभर फाळ शेवटायचा, विळे पाजवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन पेंढ्या मागायच्या. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 च्या 'गावगाडा'त हा सगळा हिशेब आहे, पण लिहिणारा कुणाच्या ओट्यावर बसला आहे हे ध्यानात ठेवून तो वाचावा. लोहार मागायला जात होता, तरी त्याला निदान खळ्यावर जाता येत होतं. त्याच गावात दुसरी एक सुरी होती, मेलेलं जनावर सोलायची. पोलाद तेच, लोहारही तोच. ती सुरी धरणाऱ्या हातांना विहिरीवर जाता येत नव्हतं. बाबासाहेबांनी 1936 मध्ये जातीला श्रमांची नव्हे तर श्रमिकांची वाटणी म्हटलं, ते इथे पात्यापात्यानं मोजून दाखवता येतं.

म्हणून सगळ्या गंजाचं दुःख करायचं कारण नाही. महाडच्या हाकेनंतर ज्या घरांनी मेलेली जनावरं ओढायचं नाकारलं, त्या घरांत ती सुरी कुठेतरी पडून राहिली आणि गंजून गेली. तिला कुणी तेल लावलं नाही. तो गंज चढू देण्यासाठी माणसांनी बहिष्कार सोसला, वाळीत पडणं सोसलं, उपाशी राहणं सोसलं. 'पारंपरिक कौशल्य लोप पावतंय' म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी हे विचारावं की ते कौशल्य सोडायची मुभा किती जणांना होती.

आणि मग आलं स्टील. 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली नावाच्या माणसाला बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारं पोलाद शोधताना क्रोमियम मिसळलेलं, न गंजणारं पोलाद हाती लागलं. हा ब्रिअर्ली पोलाद ओतणाऱ्या मजुराचा मुलगा, बाराव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात शिरलेला. आपल्या वस्त्यांत स्टीलचे डबे, ताटं, सुऱ्या आल्या तेव्हा मांडणीवर ओळीनं लावलेल्या त्या भांड्यांचा थाट आपल्या आयांनी किती प्रेमानं केला ते आपण जाणतो. शहरी टीकाकार त्याला चकाकीचं वेड म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसतं. स्टीलला शास्त्रात जागा नाही. ते कोणत्या श्लोकानं कुणाला दिलेलं नाही, कुणाला नाकारलेलं नाही. पण स्टीलचं एक गुपित आहे. त्यावर थर नसतो असं नाही. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हवेत त्याचा एक इतका पातळ पडदा तयार होतो की डोळ्यांना दिसतच नाही. राखतो तोच. साध्या पोलादाचा पडदा दिसतो म्हणून ते डागाळलेलं, स्टीलचा दिसत नाही म्हणून ते निष्कलंक! 'आम्ही जात मानत नाही' असं म्हणणाऱ्या आपल्या सवर्ण मित्रांची जात अशीच असते. ती दिसत नाही, पण त्यांना राखत असते. आपली मात्र दाखल्यावर छापलेली.

अलीकडे शहरांत उलटी लाट आहे. हातानं घडवलेल्या कार्बन पोलादाच्या सुऱ्या हजारो रुपयांना विकल्या जातात आणि त्यांच्यावर पॅटिना कसा चढवावा याचे व्हिडिओ निघतात. काळेपणाला भाव आला. चांगलंच आहे, पण भाव पात्याला आला, हाताला नाही. चंदगडच्या काजू कारखान्यांत टरफल फोडणाऱ्या बायकांची बोटं टरफलातल्या तेलानं काळी होतात, कातडी सोलवटते. त्या काळेपणाचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

आणि पातं घडवणारे कोण? गावाबाहेर पाल ठोकून, जमिनीत भट्टी करून बसणारे घिसाडी. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई घण घालते. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या घणाखाली कमानपाट्याचा कोयता होतो. आणि मराठी भाषेनं त्यांना काय दिलं? 'घिसाडघाई' हा शब्द. पोलाद नेमक्या रंगाला तापलं की नेमक्या क्षणी पाणी पाजणाऱ्या माणसांच्या नावानं आपण उतावळ्या, ओबडधोबड कामाला शिवी देतो. धार लावणारे शिकलगार, त्यांच्या नावातला 'सैकल' म्हणजे झिलई. दोन्ही समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पण यादीत असणं आणि दाखला हातात असणं यात अंतर आहे. भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचं कामच मुक्काम हलवत राहणं, त्यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीचा पत्ता मागायचा!

हे काम आपल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना करण्यासारखं आहे. आजोबा-पणजोबा कोणत्या गावच्या शाळेत काही महिने का होईना बसले होते का, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत कुठे नाव चढलं होतं का, कोणत्या गावच्या चावडीवर त्यांची नोंद झाली होती का, हे विचारायचं आणि त्या त्या गावात जाऊन जुनी दप्तरं पाहायची. शाळेची जनरल रजिस्टरं ओल लागून खराब होत चालली आहेत, त्यांचे फोटो काढून ठेवायचे. जाताना आणखी एक सांगायचं: धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या जंतूमुळे होतो, तेव्हा पातं काळं असो, तांबडं असो की चकचकीत, खोल जखम झाली तर इंजेक्शन घ्यावंच. घिसाड्यांचं पाल एका गावात थोडेच दिवस असतं. पाल पडल्याचं कळलं की वही-पेन घेऊन त्याच दिवशी जावं.